युद्ध वॉशिंग्टनचे, सवाल राज्यांचा

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. काँग्रेसने तो रीतसर शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमेनियाविरुद्ध. पुढे कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक इथे अमेरिकी सैनिक लढले, मेले. युद्धाची घोषणा मात्र एकदाही झाली नाही.

व्हिएतनामच्या वेळी मॅसॅच्युसेट्सने नेमके यावर बोट ठेवले. डेमोक्रॅट आमदार जेम्स शी यांनी विधेयक आणले: काँग्रेसने न पुकारलेल्या युद्धात राज्याच्या रहिवाशाला परदेशी लढायला भाग पाडता येणार नाही. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. एप्रिल १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी सही केली. ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते! याच कायद्याच्या आधारे राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दावा ऐकायलाच नकार दिला. तीन न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत नोंदवले.

राज्यांच्या हाती आणखी एक साधन आहे. आपल्याकडे संरक्षण, युद्ध आणि शांतता हे विषय संघसूचीत येतात आणि राज्यांना स्वतःचे सैन्य नसते. अमेरिकेत नॅशनल गार्ड हे राखीव दल एरवी गव्हर्नरच्या हुकमतीत असते. १९८० च्या दशकात काही गव्हर्नरांनी आपले गार्ड मध्य अमेरिकेत प्रशिक्षणाला पाठवण्यास विरोध केला. काँग्रेसने १९८६ मध्ये त्यांचा हा नकाराधिकार छाटला. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये एकमताच्या निकालाने हरले.

तरी विषय मिटला नाही. युद्धघोषणेशिवाय गार्डला परदेशी लढाईवर पाठवू नये, अशी विधेयके गेल्या दशकभरात अनेक राज्यांत आली. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहाने २०२४ मध्ये असे एक विधेयक मंजूरही केले, पण त्याचा कायदा झाला नाही.

मंजुरीविना लढाईत उतरवलेले सैन्य ६० दिवसांत माघारी घ्यावे, असा कायदा काँग्रेसने १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून केला. राष्ट्राध्यक्ष त्यातूनही पळवाटा काढतात आणि काँग्रेस बहुधा गप्प बसते. राज्यांचे आमदार युद्ध थांबवू शकत नाहीत, हे आतापर्यंतच्या न्यायालयीन लढ्यांतून दिसले आहे. ज्यांना तो अधिकार आहे, ते मतदानाची जबाबदारी टाळतात. खरा दोष तिथे आहे.