औषधशाळेतील विद्युत् पुटभट्टी : ओळख व निगा

रसरत्नसमुच्चयाच्या दहाव्या अध्यायात महापुटासाठी दोन हात लांब, रुंद व खोल खड्डा सांगितला असून संपुटाखाली एक हजार व वर पाचशे रानगोवऱ्या रचण्याचे विधान आहे. ग्रंथकाराने अंशांत तापमान दिलेले नाही. खड्ड्याचे व इंधनाचे मान दिले की अग्नीचे मान आपोआप ठरत असे. शहरातील घरालगतच्या औषधशाळेत असा खड्डा व असा धूर शक्य नसल्याने आपल्यापैकी अनेकांनी मफल फर्नेस घेतली. शेड्यूल टी मधील यंत्रसामग्रीच्या यादीतही तिला स्थान आहे. बटण दाबावे, अंक लावावा व निश्चिंत व्हावे, असा समज मात्र त्यातून रूढ झाला.

या समजाची किंमत आम्ही मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागील औषधशाळेत लोहभस्माची पुटे एकामागून एक बिघडू लागली. संपुटातून निघणाऱ्या चक्रिका कठीण व काळपट. खलात त्यांचा खरखराट थांबेना. रेखापूर्णत्व येईना, तेथे वारितरत्वाची अपेक्षा कसली? दोष प्रथम त्रिफळा क्वाथाला दिला, नंतर लोहचूर्णाला व शेवटी भावना देणाऱ्या सहायकाला. (त्याची आम्ही पुढे क्षमा मागितली.) भट्टीच्या पडद्यावर नेहमीचाच अंक दिसत असल्याने तिच्यावर संशय घेण्याचे कोणाला सुचले नाही.

अखेर एक साधा प्रयोग केला. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते. चांदीच्या तारेचा लहानसा तुकडा मुशीत घालून मूस थर्मोकपलच्या टोकाशेजारी ठेवली व भट्टी 900 अंशांवर लावली. भट्टी निवल्यावर पाहिले, तर तारेचा गोल मणी झालेला! पडदा किमान 62 अंश कमी सांगत होता.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पडद्यावरील अंक हा संपुटाच्या तापमानाचा नसून थर्मोकपलच्या टोकाच्या तापमानाचा असतो. बहुतेक भट्ट्यांत के प्रकारचे, म्हणजे क्रोमेल व अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचे थर्मोकपल असते. भावनाद्रव्यातील वनस्पतिजन्य अंश जळताना बंद भट्टीत प्राणवायू अपुरा पडतो. अशा स्थितीत सुमारे 800 ते 1050 अंशांच्या दरम्यान क्रोमेलमधील क्रोमियम निवडकपणे गंजते, तार हिरवट पडते व तिच्यातून मिळणारा विद्युत्दाब घटतो. नियंत्रकाला भट्टी थंड वाटते आणि तो उष्णता देतच राहतो. माक्षिक व कासीस यांपासून निघणारे गंधकयुक्त वायूही तारांना घातक ठरतात.

म्हणून चक्रिका पूर्ण वाळल्याखेरीज संपुट भट्टीत ठेवू नये. धूर थांबेपर्यंत वरचे छिद्र उघडे असावे व एक्झॉस्ट पंखा चालू असावा. थर्मोकपलवर चिनी मातीची अखंड नळी हवी. ते बदलताना जोडतार त्याच प्रकारची घ्यावी. घरातील साधी तांब्याची तार जोडल्यास अंक पुन्हा चुकतो. चांदीची परीक्षा आम्ही आता वर्षातून दोनदा करतो : 950 ला तार शाबूत राहिली पाहिजे, 975 ला वितळली पाहिजे.

टंकण 743 अंशांना वितळून अस्तराच्या विटा खातो, तेव्हा त्याच्या संपर्कातील संपुटाखाली जुनी वीट ठेवावी. हिंगुळयुक्त पुटे मात्र घरालगतच्या भट्टीत देऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पारा 357 अंशांना उकळतो. त्याची वाफ संधिबंधनातून निसटली तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांपर्यंत पोहोचते.

पावसाळ्यात पडून राहिलेली भट्टी ओल धरते. एकदम तापवल्यास अस्तर तडकते, क्वचित विद्युत्प्रवाह बाह्य पत्र्यात उतरतो. प्रथम 120 अंशांवर काही तास, मग 300 अंशांवर, असे तिला वाळवून घ्यावे. साडेतीन किलोवॉटची भट्टी सुमारे 15 अँपिअर प्रवाह घेते. तिला स्वतंत्र एमसीबी व खात्रीचे अर्थिंग हवेच. वापरलेली कॉइल थंड असताना ठिसूळ असते, ती वाकवू नये. ग्रंथोक्त स्वांगशीताचा नियम संपुटाइतकाच भट्टीलाही लागू आहे : 600 अंशांवर दार उघडणाऱ्यास वर्षभरात नवे अस्तर घालावे लागते.

आमच्या नोंदवहीत थर्मोकपल केव्हा बसवले हे लिहिलेलेच नव्हते. त्यामुळे अंक कोणत्या पुटापासून चुकू लागला हे ठरवता आले नाही आणि औषधविक्रेत्यांकडे गेलेल्या तीन बॅचेस परत मागवाव्या लागल्या. आता प्रत्येक पुटापुढे लावलेला अंक, तो गाठण्यास लागलेला वेळ, थर्मोकपलची तारीख व शेवटच्या रजतपरीक्षेचा दिवस आम्ही स्वहस्ते लिहितो.