मालिका कोणाची लांबते आणि कोणाची आटोपते?

टीव्हीवरच्या मालिकेचे आयुष्य कोण ठरवतो? "लोकांना आवडली म्हणून चालली, लोकांनी पाहिली नाही म्हणून बंद पडली," असे ठरावीक उत्तर प्रस्थापित माध्यमे देतात. आपल्यातील शिकली-सवरलेली मंडळीही त्यावर मान डोलावतात. आम्हाला हे उत्तर अर्धे वाटते. मालिका चालवायला पैसा लागतो आणि ती कोण पाहतो हे मोजणारा माणूस लागतो. पैसा कोणाचा आणि मोजणारा कोण, हे विचारल्याशिवाय मालिकेच्या आयुष्याचे कोडे सुटत नाही.

आधी महाराष्ट्रातला हिशेब पाहू. ई टीव्ही मराठीवरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. झी मराठीवरचा 'होम मिनिस्टर' हा पैठणी देणारा खेळ २००४ ते २०२२ अशी अठरा वर्षे चालला. आता दुसरी बाजू पाहा. क्रांतिबा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांच्या जीवनावरील 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आटोपली. मधले काही महिने तर टाळेबंदीमुळे चित्रीकरणच बंद होते. ज्या माउलीने अंगावर शेण-चिखल झेलून मुलींना शिकवले, तिला मराठी टीव्हीवर धड एक वर्षही मिळाले नाही. सासूला मात्र अकरा वर्षे मिळाली! प्रा. हरी नरके यांनी तेव्हा याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती. आज ते हयात नाहीत. त्यांची खंत मात्र तशीच शिल्लक आहे.

मालिका बंद होताना कारण एकच सांगितले जाते : टीआरपी नाही. हा टीआरपी येतो कोठून? निवडक घरांतील टीव्हीला एक यंत्र जोडलेले असते. त्या घरात काय पाहिले जाते त्यावरून साऱ्या देशाची आवड ठरवतात. २०२० च्या सुमारास 'बार्क' या संस्थेची अशी यंत्रे सुमारे ४४ हजार घरांत होती आणि देशातील टीव्ही असलेली घरे होती सुमारे २१ कोटी. म्हणजे एका यंत्रामागे जवळजवळ पावणेपाच हजार घरे! यंत्राच्या घरातील माणसाने 'सावित्रीजोती' लावली नाही, तर बाकीच्या हजारो घरांनीही ती लावली नाही असे धरायचे.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वरकुटे गावाचे उदाहरण घ्या. बारामती-इंदापूरचा हा पट्टा राज्याच्या राजकारणाला चांगला ठाऊक आहे. निवडणूक आली की येथील मते मोजली जातात, हंगाम आला की उसाचे टन मोजले जातात. परंतु टीव्हीपुढे बसलेला येथील माणूस मात्र कित्येक वर्षे कोणाच्याच मोजणीत नव्हता. कारण खेड्यांतील प्रेक्षकांचे आकडे या मोजणीत प्रथम आले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याआधी मराठी मालिकांचा जो साचा तयार झाला, म्हणजे मोठा वाडा, देवघर, दागिन्यांनी मढलेल्या बायका आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कधीही नाही, तो साचा शहरांच्या मोजणीवर तयार झाला. खेडी मोजणीत आली, पण साचा तोच राहिला. आणि ही मोजणी तरी किती निर्मळ? वृत्तवाहिन्यांच्या आकड्यांबाबत गैरप्रकारांचे आरोप झाल्यावर 'बार्क'ने ते आकडे ऑक्टोबर २०२० पासून देणेच थांबवले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू केले. ज्या डिसेंबरात सावित्रीमाईची मालिका संपली, तेव्हा मोजणारा स्वतःच संशयाच्या पिंजऱ्यात उभा होता!

परंतु सारे खापर मोजणाऱ्याच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० अशी सुमारे दीड वर्ष चालली. डिसेंबर २०१९ मध्ये एका हिंदी वाहिनीवरही बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. म्हणजे गिऱ्हाईक दिसले की बाजार बाबासाहेबांनाही दारात घेतो. मात्र ते घर भाड्याचे असते. मालकाला परवडेल तोवर राहायचे आणि त्याने सांगितले की सामान उचलायचे. आपल्या महापुरुषांना आपण किती काळ भाड्याच्या घरात ठेवणार आहोत?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील काळ्या बांधवांकडे पाहणे उपयोगाचे आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिचे नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्याच सुमारास शिकागोच्या डॉन कॉर्नेलियस या काळ्या माणसाने 'सोल ट्रेन' हा काळ्यांच्या गाण्या-नाचण्याचा कार्यक्रम उभा केला. १९७० मध्ये तो शिकागोच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झाला आणि १९७१ पासून देशभर गेला. अमेरिकेत अशी एक पद्धत आहे की कार्यक्रम एकाच मोठ्या वाहिनीच्या हवाली न करता तो गावोगावच्या स्थानिक केंद्रांना वेगवेगळा विकायचा. तिला 'सिंडिकेशन' म्हणतात. एका केंद्राने नाकारला तरी दुसरे घेते. एका मालकाच्या लहरीने कार्यक्रमाचा जीव जात नाही. सुरुवातीला 'सोल ट्रेन' मोजक्याच शहरांनी घेतला. पण त्यामागे जाहिरातीचा पैसा उभा राहिला तो शिकागोच्या जॉन्सन प्रॉडक्ट्स या कंपनीचा. ही कंपनी काळ्या माणसाच्या मालकीची होती आणि काळ्यांच्या केसांसाठी लागणाऱ्या वस्तू बनवत होती. कलाकार आपला, पैसा आपला, प्रेक्षक आपला! हा कार्यक्रम २००६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे चालला आणि त्याचे अकराशेहून अधिक भाग झाले.

मिसिसिपीच्या गरिबीत जन्मलेल्या ओप्रा विन्फ्रे यांचा कार्यक्रमही याच पद्धतीने १९८६ पासून २०११ पर्यंत पंचवीस वर्षे चालला. काही वर्षांतच त्यांनी तो स्वतःच्या कंपनीकडे घेतला, हे विशेष. नोकर म्हणून पडद्यावर दिसणे वेगळे आणि मालक म्हणून दिसणे वेगळे.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेत जमते, आपल्याकडे नाही. अशांना आम्ही आपलाच इतिहास दाखवू इच्छितो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि पत्र निघाले. 'मूकनायक' बंद पडले, १९२७ चे 'बहिष्कृत भारत'ही पैशाअभावी थांबले. पण १९३० मध्ये निघालेले 'जनता' १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत पाव शतक टिकले. आणि भीमराव कर्डकांचा जलसा? वामनदादा कर्डकांची गाणी? तोच जलसा या गावात झाला की पुढच्या गावात. एका गावच्या पाटलाने अडवला तर शेजारचे गाव हाक मारी. अमेरिकेने ज्याला सिंडिकेशन म्हटले, ते आपल्या शाहिरांनी बैलगाडीतून आणि पायी फिरून केले होते. त्यांना टीआरपी विचारायला कोणी आले नाही.

मग आज करायचे काय? पहिली गोष्ट, दूरदर्शनला जाब विचारायचा. ते कोणा शेठजीचे दुकान नाही, जनतेच्या पैशावर चालते. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये सामाजिक न्यायाला चालना देणे आणि अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट गोष्टींशी लढणे हे त्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या मालिकेसाठी तेथे टीआरपीची सबब चालू शकत नाही. गावोगावच्या मंडळांनी तसे ठराव करून पाठवावेत.

दुसरी गोष्ट, जे तयार आहे ते दाखवायचे. श्याम बेनेगल यांनी २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' ही दहा भागांची मालिका केली. ती इंटरनेटवर पाहायला मिळते. समाजमंदिरात दर रविवारी एक भाग दाखवला तर अडीच महिन्यांत गावातील पोराबाळांना घटना कशी घडली ते कळेल. त्याला लागते काय? एक पडदा, एक मोबाईल आणि पुढाकार घेणारी चार मुले.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तीच मुख्य आहे. १४ एप्रिलला गावोगाव वर्गणी निघते. तिचा मोठा भाग एका रात्रीत डीजेच्या भिंतीवर खर्च होतो आणि सकाळी कानात घुमण्यापलीकडे काही उरत नाही. त्यातला चौथा हिस्सा तालुक्यातील मंडळांनी एकत्र केला, तर आपल्या लेखकाला, आपल्या कलावंताला, आपल्या वृत्तपत्राला आणि आपल्या वाहिनीला वर्षभर आधार मिळेल. आपल्यातील नोकरदार आणि उद्योजक यांनी जॉन्सन प्रॉडक्ट्सकडे पाहावे. स्वतःच्या मालाची जाहिरात द्यायचीच असेल तर ती स्वतःच्या माणसाच्या कार्यक्रमाला का देऊ नये?

बाबासाहेबांनी आपल्याला मागणारा समाज म्हणून नव्हे, तर घडवणारा समाज म्हणून उभे केले. सावित्रीमाईच्या मालिकेसाठी वाहिनीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याची वेळ पुन्हा येऊ द्यायची नसेल, तर येत्या जयंतीच्या वर्गणीच्या वहीत पहिल्या पानावर हा खर्च लिहिला गेला पाहिजे. वरकुटे गावासारख्या हजार गावांनी तो लिहिला, तर आपली मालिका आटोपण्याचे बळ कोणत्याही यंत्रात राहणार नाही.

जयभीम!