प्रवाहमापकातील होकायंत्राचे अंशशोधन

वरळीसमोरच्या उथळ समुद्रात तळाशी ठेवले जाणारे ध्वनिक प्रवाहमापक, ज्याला या कामातील मंडळी 'एडीसीपी' म्हणतात, पाण्यात ध्वनीची स्पंदने सोडते आणि पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म कणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीची वारंवारता किती बदलली यावरून निरनिराळ्या खोलींवरील प्रवाहाचा वेग काढते. हा वेग त्या यंत्राला केवळ स्वतःच्या रोखाच्या संदर्भात कळतो. त्याची उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी फोड करण्यासाठी आतल्या छोट्या होकायंत्रावर विसंबावे लागते.

वरळीच्या पाण्यात ही फोड विशेष नाजूक ठरते, कारण भरती-ओहोटीचा प्रवाह येथे मुख्यतः किनाऱ्याला समांतर असतो, तर महानगरपालिकेची वाहिनी तीन किलोमीटरांहून अधिक आत नेऊन सोडते ते सांडपाणी किनाऱ्याकडे परतते की नाही, हे प्रवाहाच्या किनाऱ्याला काटकोनात असलेल्या दुबळ्या घटकावर अवलंबून असते. होकायंत्र १० अंशांनी चुकले, तर सेकंदाला १ मीटर वेगाच्या, किनाऱ्याला समांतर प्रवाहातून सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटरचा, म्हणजे तासाला ६०० मीटरांचा, आडवा प्रवाह निव्वळ कागदावर निर्माण होतो.

चुकीचे मूळ बहुधा यंत्रातच असते. अल्कलाइन बॅटऱ्यांच्या पोलादी कवचात मुरलेले चुंबकत्व यंत्राबरोबर फिरते आणि पूर्ण फेरीत एकदा वाढून एकदा घटणारी चूक देते. ज्या लोखंडाला स्वतःचे चुंबकत्व नाही, पण जे पृथ्वीच्या क्षेत्रामुळे तात्पुरते चुंबकित होते, त्याची चूक एका फेरीत दोनदा वरखाली होते. म्हणून अंशशोधनापूर्वी नव्या बॅटऱ्या विचुंबकित करून बसवाव्या लागतात आणि यंत्र ज्या चौकटीत समुद्रात जाणार, त्याच चौकटीत ते तपासावे लागते. नंतर एक स्क्रू बदलला तरी तो लोखंडी नाही ना, हे पाहणे भाग असते.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फिरत्या पाटावर यंत्र ठेवून प्रथम सपाट, मग थोडे कलते करून, घाई न करता पूर्ण फिरवले जाते. या फेऱ्यांतील नोंदींवरून संगणक दुरुस्तीचे गुणांक काढतो आणि उरलेली चूक पुन्हा एका फेरीत तपासली जाते. चांगल्या यंत्राकडून सुमारे दोन अंशांची अचूकता अपेक्षित असते. फिरवणाऱ्याने घड्याळ, मोबाइल, किल्ल्या आणि पट्ट्याचे बक्कल दूर ठेवायचे असते.

खरी कसोटी जागा निवडण्यात लागते, आणि त्या बाबतीत वरळी अडचणीचीच आहे. इमारतींच्या गच्च्यांत सळया आहेत, समुद्रालगतच्या रस्त्यावर मोटारी अखंड धावतात, सागरी सेतू आणि किनारी मार्ग यांना जोडणारी प्रचंड पोलादी तुळई जवळच आहे, आणि पायाखालच्या बेसॉल्ट खडकातही मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे आधी हातातले होकायंत्र घेऊन दूरच्या एका खुणेकडे सरळ रेषेत चालत जाणे उत्तम. वाटेत त्या खुणेचा कोन बदलला, तर जागा सोडून द्यावी.

मुंबईने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होत होती, परंतु शहरात विजेच्या ट्राम येणार असे दिसताच त्यांच्या प्रवाहाचा उपद्रव टाळण्यासाठी हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडून घेण्यात आली. एवढी दूरदृष्टी शहराच्या इतर व्यवहारांत क्वचितच आढळते.

दिक्पात, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांमधील कोन, मुंबईत एका अंशाहूनही कमी असल्याने त्याचा त्रास येथे नगण्य आहे. तळावर पक्क्या बसवलेल्या यंत्राची चूक एकाच दिशेची राहते, म्हणून ती मागाहूनही दुरुस्त करता येते. दोराला टांगलेले यंत्र मात्र प्रवाहाबरोबर फिरते आणि त्याची चूक क्षणोक्षणी बदलते. यंत्र वर काढल्यावर, जुन्या बॅटऱ्या आत असतानाच, पुन्हा एक फेरी घेऊन दोन्ही नोंदी माहितीसोबत जोडाव्यात. त्या नसतील, तर वेगाचे आकडे वापरावेत. दिशेच्या आकड्यांवर कोणताही निष्कर्ष उभारू नये.