बुटका गहू खोल का पेरू नये?



माळव्यातला जुना उंच गहू खोल ओलीत पेरला तरी उगवून येई. बुटक्या जातीचे बी तितकेच खोल पडले, तर कोंब मातीतच खुंटतो आणि महागाचे बियाणे वाया जाते. याचे कारण पेशीत आहे.

रोपाची उंची जिबरेलिन या संप्रेरकामुळे वाढते. पेशीच्या केंद्रकात वाढीच्या जनुकांवर ‘डेला’ नावाचे प्रथिन पहारा देत असते. जिबरेलिन आले की ते आपल्या ग्राही प्रथिनात, कुलपात किल्ली बसावी तसे बसते. मग तो ग्राही डेलाला धरतो, पेशी त्याचा नाश करते आणि वाढीच्या जनुकांचे काम सुरू होते. हा ग्राही २००५ साली जपानी शास्त्रज्ञांना भातात सापडला.

बुटक्या गव्हातील डेला बदललेले असते. ते ग्राहीच्या पकडीत नीट येत नाही. पहारा उठत नाही. दांडा आखूड राहतो, म्हणून खत-पाणी दिले तरी पीक लोळत नाही. १९६० नंतर मेक्सिकोहून आलेल्या गव्हाने देशाची कोठारे भरली, ती याच गुणाने. पण कोंबाचे आवरणही आखूड राहते.

तेव्हा सुदामा नगरात राहून गावची शेती पाहणाऱ्यांनी पेरणीच्या दिवशी तास उकरून स्वतः पाहावे. बी दोन इंचांहून खोल नको. वरची माती कोरडी असेल, तर आधी पाणी द्यावे व वाफसा आल्यावर पेरावे.