माहितीपट आणि त्यानंतरची चर्चा

मराठी माणसाने टिपलेल्या अगदी सुरुवातीच्या चलच्चित्रांपैकी एक कुस्तीचे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली लढत कॅमेऱ्यात घेतली. १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पुं. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. कुस्तीच्या फडावरून परतणारा माणूस गप्प घरी जात नाही. कोणाचा डाव बसला, कोणाचा फसला, पंच कुठे चुकले यावर तो वाटभर बोलतो. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे सांगायला नको. खऱ्या माणसांच्या चित्रणावरही असेच बोलले जायला हवे होते, पण महाराष्ट्रात त्याला फार वेळ लागला.

मधला काळ फिल्म्स डिव्हिजनचा. १९४८ मध्ये ही संस्था सुरू झाली आणि परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी तिचा वार्तापट किंवा माहितीपट दाखवावा लागे. एवढा मोठा प्रेक्षक जगात फार थोड्या माहितीपटांना मिळाला असेल, पण त्यावर कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही. लोक तेवढ्या वेळात तिकिटाच्या रांगेत असत नाहीतर चहाच्या टपरीवर. धरणे, खते, कुटुंबनियोजन आणि वरून उपदेशाचा आवाज, असा बहुतेक माल होता. अपवाद लखलखीत आहेत. सुखदेव, प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री यांनी याच सरकारी छपराखाली धाडसी काम केले. शास्त्रींच्या ‘आय अॅम ट्वेंटी’ (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुले-मुली देशाबद्दल मोकळेपणाने बोलतात. हा चित्रपट आजही कॉलेजात लावला की वर्ग आपोआप बोलू लागतो.

फिल्म सोसायटी चळवळीने प्रेक्षकाला बोलायला शिकवले. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झाली, तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष होते आणि विजया मुळे सहसचिवांपैकी एक. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते. संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर यांच्यामुळे सोळा मिलिमीटरच्या प्रती आणि रसास्वाद शिबिरे गावोगाव पोहोचली. प्रभात चित्र मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकाने ही चर्चा छापील मराठीत आणली. या सगळ्याचे ऋण मोठे आहे.

तरी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. या मंडळांनी माहितीपटाला कायम तोंडी लावण्याच्या जागी ठेवले. बर्गमन, कुरोसावा, राय यांच्यासाठी संध्याकाळ, आणि माहितीपट मात्र मुख्य प्रत येईपर्यंत वेळ भरून काढायला. माहितीपटात ‘सिनेमा’ कमी आणि ‘विषय’ जास्त असतो, म्हणून त्यावर रसास्वादाची चर्चा होत नाही, असे म्हणणारे जाणकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. मणी कौल यांचा ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) किंवा अरुण खोपकरांचे चित्रकारांवरचे माहितीपट पाहिल्यावर हे म्हणणे टिकत नाही. दुसऱ्या बाजूचा हट्टही तितकाच चुकीचा. चळवळीतल्या काहींना माहितीपट म्हणजे भाषणाआधी गर्दी जमवण्याचे साधन वाटते. त्यांच्या सभेत चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि चर्चेच्या जागी तासाभराचे व्याख्यान होते.

खरी वाट सुमित्रा भावे यांनी दाखवली. समाजकार्याचे शिक्षण आणि संशोधन हे त्यांचे मूळ क्षेत्र. ज्या बायकांवर संशोधन करायचे त्यांनाच अहवाल वाचता येणार नसेल, तर तो त्यांच्यापर्यंत कसा न्यायचा, या प्रश्नातून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. ‘बाई’ (१९८५) आणि ‘पाणी’ (१९८७) हे त्यांचे लघुपट काटेकोर अर्थाने माहितीपट नाहीत, कारण त्यांत गोष्ट रचलेली आहे. पण ते बनवतानाच पाहणाऱ्या बाईशी संवाद गृहीत धरलेला होता. वस्तीतल्या बाईला पडद्यावर स्वतःसारखी बाई दिसली की ती ‘त्या बाई’बद्दल बोलू लागते आणि दोन वाक्यांत स्वतःवर येते. चर्चेची ही रीत मराठीत याआधी कोणी इतक्या विचारपूर्वक वापरली नव्हती.

आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांनी हीच वाट रस्त्यावर आणली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरचा ‘हमारा शहर’ (१९८५), सीमंतिनी धुरू यांच्यासोबतचा, नर्मदेवरच्या धरणाविरुद्धच्या लढ्याचा ‘नर्मदा डायरी’ (१९९५), आणि चौदा वर्षे खपून पुरा केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). या शेवटच्या चित्रपटाची सुरुवात ११ जुलै १९९७ च्या मुंबईच्या रमाबाई नगरातील गोळीबारातून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येतून होते. तीन तासांहून लांब असलेला हा चित्रपट वस्त्यांमध्ये उघड्यावर दाखवला गेला. लोक शेवटपर्यंत बसत, कारण पडद्यावरची गाणी त्यांची स्वतःची होती. ‘राम के नाम’ (१९९२) दूरदर्शनवर यायला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या भागात सर्वांत जिव्हाळ्याचा ठरावा असा चित्रपट ‘नर्मदा डायरी’च आहे. कोयना आणि वारणा धरणांनी उठवलेली माणसे सातारा-सांगली जिल्ह्यांच्या गावागावांत वसली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हा माहितीपट परका वाटणार नाही. धरणावर बोलायला तज्ज्ञ बोलावण्याआधी त्यांना पुढच्या रांगेत बसवायला हवे.

गिरणीवरच्या माहितीपटांचे तसेच आहे. पटवर्धन यांचा ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ (१९९६) हा न्यू ग्रेट ईस्टर्न मिलच्या टाळेबंदीनंतर आत शिरलेल्या कामगारांचा छोटा चित्रपट. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (२००१) हा त्याहून शांत आणि खोल. त्यात नारायण सुर्वे यांची कविता, सुधीर पटवर्धन यांची चित्रे आणि गिरण्या गमावलेली मुंबई एकमेकांत विणली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काय उरले, हे इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या संयमाने सांगणारे दुसरे काम सापडणे अवघड. पण मुंबईच्या सभागृहांत ‘साचा’ची चर्चा बहुतेक वेळा स्मरणरंजनात अडकते. चाळी गेल्या, भोंगे गेले, मॉल आले, एवढ्यावर ती थांबते.

सांगलीला खेटून असलेल्या माधवनगरात हाच चित्रपट वेगळा दिसतो. कॉटन मिल आणि यंत्रमाग यांनी या गावाची ओळख घडवली. पलीकडे विट्यालाही मागांचा खडखडाट आहे. ज्याने पाळीत उभे राहून तुटलेले सूत जोडले आहे, तो पडद्यावरच्या मागाकडे कवितेसाठी पाहत नाही. धोटा कसा चालतो, एका माणसाकडे किती माग आहेत, कांड्या भरणारी बाई पडद्यावर का दिसत नाही, हे त्याचे प्रश्न असतात. ते रसास्वादाच्या कसोटीवर कमी नाहीत, उलट माहितीपटाने काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले याचा नेमका हिशेब त्यांतच असतो. माहितीपटाचा सर्वांत चांगला समीक्षक त्याच कामातला माणूस असतो, आणि चर्चा जमवणाऱ्याचे पहिले काम त्याला शोधून आणणे हे आहे. बाकीची पथ्ये अनुभवाने ठरलेली आहेत. चित्रपटाआधी प्रस्तावना दोन मिनिटांची, श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे बंद, पहिला प्रश्न ‘काय आवडले’ऐवजी ‘काय दिसले’, आणि बायका बोलेपर्यंत पुरुष पुढाऱ्यांना माइक नाही. दिग्दर्शक हजर असलाच पाहिजे, हा अलीकडचा आग्रह निष्कारण आहे. तो समोर असला की लोक त्याला प्रश्न विचारतात आणि एकमेकांशी बोलणे राहून जाते.

महोत्सवांची हकिकत थोडक्यात पुरे. मुंबईचा सरकारी माहितीपट महोत्सव १९९० पासूनचा. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. माहितीपटकारांच्या विरोधामुळे ती मागे घेतली गेली, पण अनेक अस्वस्थ करणारे चित्रपट निवडीतून गळाले. मग माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरवला. त्यातूनच पुढे पृथ्वी थिएटरमध्ये दरमहा विनामूल्य खेळ होऊ लागले. फिल्म्स डिव्हिजननेही २०१२ पासून ‘एफडी झोन’ नावाने चर्चेसह खेळ सुरू केले. पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवाने पर्यावरणावरचे माहितीपट मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांत नेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या नावाची सोसायटी चित्रपट महोत्सव भरवते.

गावाकडच्या पाहण्याचा स्वतःचा इतिहासही माहितीपटात आला आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) जत्रांमधल्या तंबू टॉकीजच्या मागे वर्षानुवर्षे फिरला आणि कान महोत्सवात गौरवला गेला. मशीन दुरुस्त करणारा कारागीर, चिखलात रुतणारा ट्रक, डिजिटलपुढे हरत चाललेला मालक, हे सगळे त्यात आहे. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या, कुंडलच्या कॅप्टन भाऊंना कॅमेऱ्यासमोर बोलते केले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला ब्रिटिश सरकारची पगाराची रेल्वेगाडी अडवल्याची हकिकत त्यांच्या तोंडून ऐकता येते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखात ही चित्रफीत प्रत्येक शाळेत लागायला हवी. ती मोबाइलवर पाहिली जाते, पुढे पाठवली जाते, आणि तिथेच विषय संपतो.

आजची घसरण ती हीच. मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तरी माहितीपट पूर्वी कधी नव्हते इतके सहज मिळतात आणि बाहेर मानही मिळवतात. पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला २०२१ मध्ये कानचा सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या दोन कोळी मित्रांवरचा सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३ मध्ये सनडान्सला गाजला. सगळे मोबाइलवर मिळत असताना एकत्र बसायचे कशाला, असे विचारणाऱ्यांना पाहणे आणि बोलणे यांतला फरक उमगलेला नाही. खर्चाची सबबही आता उरलेली नाही. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पांढरी चादर घरात असते, आणि अनेक माहितीपटकार नुसत्या पत्रावर खेळाची परवानगी देतात. कमतरता आहे ती महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून वीस-पंचवीस खुर्च्या मांडणाऱ्या माणसांची.