दाढेची चौथी नळी

आमच्या शेजारच्या चाळीतल्या एक मावशी एका कचेरीत साफसफाईचे काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची वरची दाढ ठणकू लागली. दाताच्या डॉक्टरांनी नस काढली, आत मसाला भरला, वर कॅप बसवली. तीन खेपा झाल्या, तीन खाडे पडले, उसनवारीही झाली. तरी सहा महिन्यांनी हिरडी पुन्हा सुजली. ‘मिश्री लावता ना, मग असेच होणार,’ एवढे ऐकून मावशी घरी आल्या आणि दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी दाढ काढून टाकली.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेली दाढ त्यांना हातात दाखवली. दाढेला तीन मुळे होती. त्यातल्या एका मुळाच्या टोकाशी दोन बारीक छिद्रे होती. एकात भरलेल्या मसाल्याचे गुलाबी टोक दिसत होते, दुसरे रिकामे होते. त्या नळीत कोणी शिरलेच नव्हते.

मिश्री वाईटच, ती सोडावीच, याबद्दल दुमत नाही. पण मिश्रीने दाढेला चौथी नळी फुटत नाही. ती नळी मावशींच्या दाढेत लहानपणापासूनच होती.

वाचक भगिनी-बंधूंनो, दाताचा जो भाग आपल्याला दिसतो तो वरचा. त्याची मुळे जबड्याच्या हाडात रुतलेली असतात आणि प्रत्येक मुळातून बारीक नळी जाते. त्या नळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. आपण त्यांना ‘दाताची नस’ म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की नळी साफ करून बंद करावी लागते. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. एक जरी नळी राहून गेली, तरी तिच्यात सडलेला भाग व जंतू राहतात आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा गळू धरते.

मग डॉक्टरांना नळ्या ठाऊक नसतात काय? असतात. पण त्या प्रत्येक माणसात सारख्या नसतात, इथेच सारी गोम आहे.

वरच्या पहिल्या दाढेचेच पाहा. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिला बहुधा तीन मुळे असतात. दोन गालाकडे, एक टाळूकडे. गालाकडच्या दोहोंतले पुढचे मूळ चपटे व रुंद असते. दाढ उगवते तेव्हा मुळांची वाढ पुरी झालेली नसते. ती पुढे तीनेक वर्षे चालते. त्या कोवळ्या वयात या चपट्या मुळातली पोकळी फितीसारखी असते. पुढे आतल्या भिंतींवर दाताचाच कठीण थर साचत जातो. मध्यभागी तो दोन्ही बाजूंनी येऊन मिळाला की एका फितीच्या दोन नळ्या होतात. दुसरीचे तोंड सुईच्या टोकाएवढे, तेही या थराच्या कडेखाली लपलेले. काहींच्या दाढेत हा थर असा मिळत नाही, तिथे एकच नळी राहते. काहींच्या दोन नळ्या खाली जाऊन पुन्हा एक होतात. वय वाढते तसा थरही वाढतो, म्हणून वयस्कर माणसांत ती शोधणे आणखी अवघड.

स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरले, ते कडक केले आणि मग दात आम्लात विरघळवून टाकला. हाती राहिले ते नळ्यांचे रबरी साचे. सरळ नळीची अपेक्षा होती. निघाल्या झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या, जोडनळ्या, जाळी. १९२५ साली त्यांचे हे काम इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. पुढे १९८४ साली अमेरिकेच्या फ्रँक व्हर्टुची यांनी २,४०० दात पारदर्शक करून, आत रंग सोडून तपासले आणि नळ्यांचे आठ प्रकार सांगितले. त्यांच्या पाहणीत वरच्या पहिल्या दाढेच्या त्या पुढच्या मुळात शंभरातल्या पंचावन्न दाढांना दोन नळ्या होत्या. म्हणजे ज्याला आपण अपवाद समजतो, तोच निम्म्याहून अधिक! खालच्या पुढच्या इवल्याशा दातांतही शंभरात सुमारे तीस ठिकाणी दुसरी नळी निघाली.

देशादेशांतही फरक आहेत. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात. चीन, तैवान, तसेच ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांत मात्र तिसरे मूळ बऱ्याच जणांत सापडते. युरोप-आफ्रिकेत ते क्वचित. पूर्व आशियात खालच्या दुसऱ्या दाढेची मुळे जुळून नळी चंद्रकोरीसारखी होणेही पुष्कळ आढळते. आपल्या देशात ही दोन्ही लक्षणे तितकी नाहीत, पण आहेतच.

इथे कोणी विचारील, मग दातांवरून माणसाची जात ओळखता येईल काय? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजून जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हेच मापाचे हत्यार हाती घेतले. प्रा. घुर्ये यांनी मांडलेले नाकांच्या मापांचे तक्ते समोर ठेवून त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य हा वेगळा वंश नव्हे. ब्राह्मण ज्या वंशाचा, अस्पृश्यही त्याच वंशाचा. भगवान बुद्धांनीही वासेट्ठ सुत्तात जन्माने ब्राह्मण की कर्माने, हा वाद घेऊन आलेल्या दोन तरुणांना हेच समजावले आहे. झाडेझुडपे व पशुपक्षी यांत जन्मजात भेदाच्या खुणा असतात, तशा माणसामाणसांच्या अवयवांत नसतात.

मुळांचे शास्त्र याहून वेगळे सांगत नाही. फरक आहे तो कुठे जास्त, कुठे कमी, एवढाच. अमुक मूळ अमुक लोकांत प्रत्येकाला आणि इतरांत कोणालाच नाही, असे होत नाही. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने रक्तगट व रक्तातील प्रथिने यांचा हिशेब मांडला, तेव्हा माणसांतील सुमारे ८५ टक्के वैविध्य एकेका लोकसमूहाच्या आतच निघाले. दातांचेही पाहा, एकाच माणसाच्या डाव्या व उजव्या दाढेच्या नळ्या नेहमी जुळतातच असे नाही. म्हणून आकडेवारीचा उपयोग डॉक्टरांना सावध करण्यापुरता. समोरच्या खुर्चीवर जो बसला आहे, त्याची दाढ पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. ‘तुमच्या लोकांचे दातच असे’ हे वाक्य तर कोणी ऐकूनही घेऊ नये.

उपचार फसला की प्रत्येक वेळी राहिलेली नळीच कारण असते असे नाही. दात तडकलेला असतो, कॅपखालून लाळ झिरपते, नळी वाकडी असते. पण सुजलेली दाढ काढण्यापूर्वी ‘आत किती नळ्या सापडल्या? आणखी एखादी असेल का?’ एवढे विचारायला संकोच कशाला? एकाच कोनातून काढलेल्या एक्स-रेत एकामागची एक नळी झाकली जाते. थोड्या तिरप्या कोनातून दुसरा काढला की ती वेगळी दिसू शकते. भिंग किंवा सूक्ष्मदर्शकाखाली शोध अधिक चांगला होतो. सर्व बाजूंनी दाखवणारा सीबीसीटी महाग असतो आणि दरवेळी लागतही नाही. पहिला रूट कॅनॉल फसला तरी तो उघडून पुन्हा करता येतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. दाढ गेली की शेजारचे दात कलतात, भाकरी एकाच बाजूने चावावी लागते आणि नवा दात बसवण्याचा खर्च वेगळाच.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा अधिक पडतात, पण खर्च खाजगीपेक्षा कमी येतो. जाताना जुना एक्स-रे आणि आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी. मावशींची डाव्या बाजूची दाढ आता दुखू लागली आहे. उजव्या दाढेचा एक्स-रे त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता, तो घेऊन त्या सोमवारी जाणार आहेत.