एक ‘पर्यंत’, इंग्रजीत दोन शब्द : रोजची वाक्ये कशी पारखावीत?

कोवलम (चेन्नई) : चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, पूर्व किनारा मार्गालगत कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. सर्फिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या येथील किनाऱ्याला २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. तमिळनाडूत १९६८ पासून तमिळ व इंग्रजी असे द्विभाषा धोरण असल्याने मराठी पर्यटक आणि स्थानिक यजमान यांचा व्यवहार बहुधा इंग्रजीतूनच होतो. ती दोघांचीही मातृभाषा नव्हे. अशा वेळी वाक्याची शुद्धता हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न राहत नाही.

खोलीच्या आरक्षणाचे उदाहरण घेऊ. ‘खोली सोमवारपर्यंत हवी’ आणि ‘पैसे सोमवारपर्यंत भरतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘टिल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाय’ लागते. पर्यटकाने ‘आय नीड द रूम बाय मंडे’ असे लिहिले, तर वाक्य व्याकरणात निर्दोष ठरते. अर्थ मात्र ‘उशिरात उशिरा सोमवारी खोली मिळाली पाहिजे’ असा होतो. संगणकावरील व्याकरण तपासनीस येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थ त्याला ठाऊक नसतो. यजमानाची अडचण तुलनेने कमी, कारण तमिळमध्ये या दोन अर्थांसाठी ‘वरै’ आणि ‘क्कुळ्’ अशी वेगळी रूपे आहेतच. मराठी माणसाने ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे. पैसे सोमवारच्या आत भरता येतात, म्हणून तेथे ‘बाय’. खोलीच्या वाक्यात ‘च्या आत’ घालताच अर्थ बिघडतो, म्हणून तेथे ‘टिल’.

‘पासून’ची गतही अशीच. सोमवारपासून म्हणजे ‘सिन्स मंडे’; पण दोन वर्षांपासून म्हणजे ‘फॉर टू इयर्स’. आरंभबिंदू सांगायचा की कालावधी, एवढेच पाहायचे. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यात क्रियापदही चुकते. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ असे हवे.

काही चुका मात्र दोघांच्या समाईक आहेत. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘मला’ तमिळमध्ये ‘एनक्कु’ होतो. मालकी सांगणारे ‘हॅव’सारखे क्रियापद दोन्ही भाषांत नाही. त्यामुळे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ पुण्यात ऐकू येते, तसे चेन्नईतही. भाऊ असणे ही स्थिती आहे, तेथे साधे ‘आय हॅव’ पुरेसे. जेवणे ही क्रिया असल्याने ‘आय ॲम हॅविंग लंच’ बिनचूक. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी चालू काळाची ही भारतीय हौस आपल्या कवितेत मिस्कीलपणे टिपली आहे.

प्रत्येक भारतीय प्रयोगाला चूक ठरवणेही योग्य नव्हे. ‘प्रीपोन’ला ऑक्सफर्डच्या कोशांत जागा मिळाली आहे. ‘आय हॅव अ डाऊट’चे प्रकरण अधिक नाजूक आहे. मराठी ‘शंका’ आणि तमिळ ‘संदेहम्’ या दोन्ही शब्दांत प्रश्न आणि संशय हे दोन्ही अर्थ सामावतात, म्हणून कोवलममध्ये या वाक्याने कोणी बिचकणार नाही. लंडनमधील वाचकाला मात्र त्यात अविश्वास जाणवू शकतो. तेथे पाठवायच्या पत्रात ‘क्वेश्चन’ हाच शब्द वापरावा.